नवसागराचा खडा

माहं नाव जैतूनबी. राह्यतो कारंज्याले, पन जन्म जऊळक्याचा. टेशनाच्या मागं आमचं घर होतं, घर म्हंजे कुडाच्या भिंती अन् वर टिनं. मराठी शाळेत चौथी शिकली, मंग बापानं भात्यावर बसवलं. घरात आमी उर्दू बोलतो अन् बाहेर हे असं, तुमच्याशी बोलून राह्यली तसं. तुमाले नवल वाटते का बाईमानूस माईकच्या वायरी जोडते, म्हनून तुमी आल्या. नवल काही नाई त्याच्यात, बोटं भाजतेत अन् डोळे जातेत, एवढंच. पन एक गोष्ट पह्यलेच सांगतो अन् ती तशीच्या तशी लिहून घ्या. पोहरादेवीच्या जत्रेत आमच्या वीस वायरी मेल्या होत्या, भर दुपारी, पाय ठेवाले जागा नाई अशा गर्दीत. त्या गजाननच्या हातानं नाई मेल्या. माह्या हातानं मेल्या. तीस वर्सांच्या वर मी हे कोनाले सांगलं नाई अन् त्या मानसाच्या डोक्यावर ते तसंच राहू देलं. बाकी सारं या एका गोष्टीच्या मागंपुढं हाये.

बाप कलई करे. तुमी पाह्यली नसन कलई, आता सारं स्टील झालं. तवा पितळेच्या भांड्याले कलई नसली तं ताक कळकून जाये. बाप सायकलले भाता बांधून आजूबाजूच्या गावाले जाये अन् मी मागच्या क्यारिअरवर. एखाद्या लिंबाखाली खड्डा कराचा, कोळसा टाकाचा, मी भाता हलवाचा. भांडं चांगलं तापलं का बाप चिमूटभर नवसागर टाके. तो दिसाले खडीसाखरेसारखा, पन धूर असा जाड उठे का बाप त्याच्यात दिसेनासा व्हये, फकत त्याचा हात दिसे, कापसाचा बोळा धरलेला, अन् त्या हाताखाली कथील असं पसरत जाये जसा सकाळचा उजेड अंगनात येते. मी त्या धुरात भाता हलवता हलवता झोपून जायाची, हात चालूच. बाप म्हने, हे पोट्टी झोपीतच काम करते. खरं हाये ते, अजूनही तसंच करतो. मंग भांडं पान्यात बुडवाचं माहं काम, छन्न वाजे, वाफ तोंडावर ये, अन् बाप तिकडून म्हने धू, अजून धू, दोन पान्यानं धू. मले वाटे थंड कराले धुतेत.

काम नसलं का मी रेल्वेच्या पटरीले कान लावाची. गाडी दिसाच्या लय आधी पटरी गुनगुन करे. ऊन पडलेलं, लोखंड तापलेलं, कान भाजे, पन उठू वाटे नाई. त्या गुनगुनीत मले वाटे का कोनी लय दुरून मले काही सांगून राह्यलं, अजून जराशीक थांबली तं समजन, आता समजन, तेवढ्यात सिग्नलवाला बोंबले, ए कलईवाल्याची, मरतं काय. मंग उठा. ते काय होतं ते अजून समजलं नाई. गाडीच होती, दुसरं काय असन. पन ती गुनगुन पुढं माह्या पाठी लागली, ते सांगतोच.

लग्न होऊन कारंज्याले आली. बापाजवळ देयाले काही नव्हतं, निघताना त्यानं रुमालात बांधून नवसागराचा खडा देला, मुठीएवढा, म्हने कुठंही गेली तं कथील तुह्या हातानं बसन. सासूनं रुमाल सोडून पाह्यला अन् म्हने, हे काय, सुनेसंगं मीठ देलं काय बापानं. साऱ्या बाया हासल्या. मी बी हासली. खडा पेटीत तळाले टाकून देला.

माहा नवरा सत्तार. त्याचं भोंग्याचं दुकान, म्हंजे त्याचं अन् गजाननचं. गजानन मानोऱ्याच्या रोडवरच्या एका गावचा कास्तकाराचा पोरगा, सत्तारच्याच वयाचा. दोघाईनं मिळून एक मशीन घेतलं, दोन भोंगे अन् एक माईक, अन् सायकलवर घालून लग्नाले, पंगतीले, मंदिरात, दर्ग्यात, कोनी बलावन तिकडे जात. पाटीवर दोघाईचं नाव. सत्तार बोलाले लय, गिऱ्हाईक आनाचा तो, अन् गजानन बोलेच नाई, मशीनजवळ बसून राहे. त्याची एक गोष्ट मले सुरवातीपासून दिसे. काम झाल्यावर वायर गुंडाळाची तं बाकीचे लोक काय करतेत, पंजा अन् कोपर धरतेत अन् फटाफट गुंडाळतेत, दोर गुंडाळल्यासारखी. त्यानं आतली तार पिरगळते अन् मोडते. गजानन तसं कधी करे नाई. तो एक वेढा सुलटा घाले अन् दुसरा उलटा, एक सुलटा, एक उलटा, सावकाश, जशी काही वायर झोपली हाये अन् ते जागी नाई झाली पायजे. मी दारातून पाहत राहू. मले झोप ये ते पाहून, खोटं नाई सांगत.

सत्तारले जोड देता ये नाई. तो तारा पिरगळे अन् वरून काळी टेप लावे. मी एक दिवस म्हनलं, तुटलेल्या हाडाले चिंधी बांधून हाड जुळते काय. तो म्हने, तूच जोड मंग, कलईवाल्याची हाये तं. त्याले वाटलं मी गप्प बसन. मी सोल्डरिंग गन हातात घेतली ते आजलोक सोडली नाई. दुकानदार सोल्डर म्हनते, मी कथीलच म्हनतो, बापाचं अन् हे एकच, वास एकच.

आता हे काम काय चीज हाये ते ऐका. माईकच्या वायरीत आत दोन बारीक वायरी असतेत, एक लाल अन् एक पांढरी, अन् दोघीच्या भोवती तांब्याची जाळी, केसासारख्या तारांची. ते जाळी असते गुनगुन आत येऊ नाई म्हनून. टोकाले पिन लावाची, पिनले तीन पाय, तीन जोड. सांगाले सोपं हाये. एका हातात गन, दुसऱ्या हातात कथील, अन् पिन कोनाच्या हातात द्याची, वायर कोनाच्या. अल्लानं बाईले दोनच हात देले. मी पिन पायाच्या अंगठ्यात धरू, तं अंगठा भाजे. गन जरा जास्त टेकली का लाल वायरीचं प्लास्टिक पाघळून मागं सरकते, कमी टेकली का कथील नुसतं वर बसून राह्यते, आत धरतच नाई, दिसाले जोड अन् हालवला का सुटला. जाळीचा एक केस, एकच, बाजूच्या पायाले लागला तं सारा माईक मुका. अन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हंजे टोपी. पिनवर एक टोपी असते, ते जोड देयाच्या आधी वायरीत ओवून ठेवा लागते, मागून घालता येत नाई. तीन जोड देले, फुंकले, पाह्यले, चांदीसारखे चमकून राह्यले, मनात म्हनलं वा जैतून, अन् मंग पाह्यलं तं टोपी मांडीवर. सारं उखडा अन् पुन्हा करा. तुमाले वाटन एखादा डाव होत असन. मी शेकडो डाव केलं हे. सत्तार बाहेरूनच इचारे, टोपी घातली काय. मी म्हनू, तुह्या डोक्यात घालतो आता.

पन गन तापाले वेळ लागते, तेवढा वेळ माहा. आमची गन जुनी, सुस्त. ते तापेस्तोवर मी भिंतीले टेकून बसू अन् कुठं कुठं जाऊन येऊ. जऊळक्याच्या लिंबाखाली जाऊ. कथील धराले तारेले राळ लावा लागते, तिचा धूर वर जाये अन् त्याच्यात बापाचा हात दिसे. खिडकीतून उन्हाचा पट्टा ये, त्याच्यात धूर असा हळूहळू फिरे जसा कोनी पान्यात दूध सोडलं. मंग कथील पातळ व्हये अन् मी परत ये. दहा वर्सं अशी गेली असतीन. माह्या वायरीले भाभीची वायर म्हनाले लागले लोक. कारंज्यात दुसरे भोंगेवाले सत्तारले म्हनत, भाभीची एखादी वायर दे ना. सत्तार देये नाई. मले ते आवडे. बाईचं नाव कशावर असते, सांगा. घरावर नाई, पाटीवर नाई. माहं वायरीवर होतं.

मंग एका वर्सी धंदा वाढला, नवं मशीन आलं, वीस वायरी पायजे होत्या. सत्तारनं अकोल्याच्या भंगारातून जुन्या वायरीचं बंडल आनलं. वरून बरी होती, सोलली तं आतलं तांबं काळं पडलेलं. त्याच्यावर राळ चाले नाई. कथील धरेच नाई, गोळी होऊन घरंगळे, अळूच्या पानावरच्या पान्यासारखी. वीस वायरी म्हंजे चाळीस टोकं, अन् एका टोकाले तीन जोड. घासा, तापवा, घरंगळली, पुन्हा घासा. दोन दिवस मी तेच केलं. टोपी घालाची भूलली ते वेगळंच. तिसऱ्या दिवशी डोकं असं फिरलं का गन भिंतीवर मारली असती, पन एकच होती. अन् गन तापेस्तोवर डोळा लागला, तं बाप दिसला, धुरात बसलेला, म्हने कथील तुह्या हातानं बसन. उठली अन् पेटीच्या तळातून रुमाल काढला.

काय सांगू तुमाले. खडा कुटला, जराशाक पान्यात कालवला, काडीनं तारेले लावला, गन टेकवली, अन् चर्र झालं, पांढरा धूर आला, अन् काळं तांबं असं गुलाबी झालं जसं आताच जन्मलं, अन् कथील पळत गेलं त्याच्यावर. मी हासली एकटीच. एका दिवसात अर्ध्या वायरी झाल्या, दुसऱ्या दिवशी बाकीच्या. त्या दिवसासारखा दिवस माह्या कामात पुन्हा आला नाई. सत्तारनं एक एक वायर लावून पाह्यली, गुनगुन नाई, करकर नाई. गजानननं त्या गुंडाळल्या, एक सुलटा, एक उलटा, अन् लोखंडी पेटीत ठेवल्या. पावसाळाभर पेटी ओल्या भिंतीले लागून होती. मधात लहानसहान कामाले दोन-तीन वायरी निघाल्या, एखादी करकरली, कोनी ध्यान देलं नाई.

चैतात पोहरादेवीच्या जत्रेचं काम आलं. आजलोक एवढं मोठं काम नव्हतं आलं. मी बी संगं गेली, गन घेऊन, काही तुटलं तं जोडाले. मेटाडोरमंदी बसली होती. ऊन असं का दूरची मानसं पान्यात उभी असल्यासारखी हालून राह्यली. भजन सुरू झालं, बाया गाऊन राह्यल्या होत्या, अन् माईक करकर कराले लागला, अन् मेला. गजानननं वायर बदलली. ते बी मेली. तिसरी लावली. एका मागं एक, दिवे विझल्यासारख्या. गाणाऱ्या बाया तोंड हालवून राह्यल्या अन् आवाज नाई, पाच-दहा कदमाच्या पुढं काही ऐकू ये नाई. लोक बोंबलाले लागले, मागून कोनी चप्पल फेकली. शेवटी दुसऱ्या गावचा साऊंडवाला आपल्या वायरी घेऊन आला अन् त्यानं भजन चालू केलं.

सत्तारचं तोंड काळं पडलं होतं. त्यानं साऱ्याइच्या समोर गजाननले धरलं. म्हने, तू कोपरावर गुंडाळल्या वायरी, आतून मोडून टाकल्या. गजानन म्हने, सत्तारभाई, कोपरावर मी कधी गुंडाळली, एक डाव सांग. सत्तार म्हने, मंग काय भाभीचे जोड सुटले, भाभीची वायर आजलोक मेली काय. गजानननं माह्याकडे पाह्यलं. तो वायर कशी गुंडाळे ते माह्यापेक्षा जास्त कोनी पाह्यलं नव्हतं. मी तोंड उघडाले पायजे होतं. मी गनची दोरी गुंडाळत बसली. माहं नाव निघालं होतं ना चांगल्यात, ते मले गोड लागलं. गजानननं हातातला पेचकस मशीनवर ठेवला, नीट, आवाज न करता, अन् एसटीकडे चालला गेला. त्याची पाठ गर्दीत लय वेळ दिसली मले.

चार दिवसानं मी एका वायरीची टोपी उघडली. आत हिरवं. विहिरीच्या पायरीवर शेवाळ असते तसं. बोटानं दाबलं तं तार भुकटी होऊन पडली. बाप धातू जिभेवर लावून पाहे, मलेही तेच वळन, मी ते हिरवं जिभेले लावलं. खारट. नवसागर. अन् तवा बापाचा आवाज आला, धू, अजून धू, दोन पान्यानं धू. ते थंड कराले नव्हतं, बाई. नवसागर मळ खाते अन् मळ संपला का धातूच खाते. म्हनून धुवा लागते. भांडं धुतल्या जाये. वायरीवर टोपी बसवली का आत कोन धुते. मी चाळीस टोकं न धुता झाकून टाकली होती, अन् वर मनात म्हनलं होतं वा जैतून.

मंग उठली, साऱ्या वायरीची टोकं कापली, हातभर आतून त्यातल्या त्यात बरं तांबं काढलं, हे आधीच सुचाले पायजे होतं, घासून घासून राळीनं जोड देले. सत्तारले म्हनलं, पाहतो जरा काही होते काय. त्यानं लावून पाह्यल्या, साऱ्या चालल्या. तो घरात आला अन् म्हने, पाह्य, गजानन गेला अन् वायरी सुधरल्या. मी पोळ्या करत होती. तव्यावरची उलटवली. बस, एवढंच केलं मी. सत्तारनं दुसऱ्या दिवशी पाटीवरच्या गजाननच्या नावावर पांढरा रंग मारला. रंग पातळ होता. दर पावसाळ्यात ते नाव खालून वर ये अन् सत्तार पुन्हा रंग मारे.

तुमी म्हनसान, सांगून द्याचं होतं. हाव, द्याचं होतं. पह्यल्या वर्सी भ्याली म्हनून नाई सांगलं, दुसऱ्या वर्सी पह्यल्या वर्सी नाई सांगलं म्हनून नाई सांगलं, अन् असंच. कधी गन तापेस्तोवर डोळा लागे तं गजानन वायर गुंडाळताना दिसे, एक सुलटा, एक उलटा, अन् ते वायर काही संपे नाई. तो घरची शेती करे, हंगामात दुसऱ्या साऊंडवाल्याकडे मशीनवर बसे. कारंज्यात दिसला तं भाभी सलाम म्हने अन् चालला जाये. सत्तार गेला तवा मयतीले आलता, खांदाही देला त्यानं. मी आत होती, मले आवाजावरून समजलं. सत्तार मरेस्तोवर हेच मानत होता का दोस्तानं धोका देला. ते मी त्याच्यासंगं जमिनीत जाऊ देलं.

नवरा गेल्यावरच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात बसली, तवा दुसरं काम नव्हतं, हेच डोक्यात फिरे. ते संपले अन् मी एसटीत बसून गजाननच्या गावाले गेली. तो ओट्यावर बसला होता. मी बसली अन् सांगाले लागली, हळूच, सून चुलीजवळ होती. सारं सांगलं. तो मान हालवत राह्यला, अन् मंग म्हने, हाव भाभी, औंदा सोयाबीन बरं हाये. सून आतून म्हने, आजी, त्याइले ऐकू येत नाई, दोन्ही कान गेले, भोंग्याजवळ जिंदगी काढली ना, मोठ्यानं बोला. कानाची मशीन लेकानं आनून देली तं घालत नाई, म्हने कानात किडा गेल्यासारखं वाटते. आता मोठ्यानं कसं बोलू. अंगनात शेजारीन डाळ निवडत बसलेली. मी एवढी मोठी नाई का गावासमोर ओरडून सांगन. चहा पिऊन परत आली. कागदावर लिहून देलं असतं, तं त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू, वाचून दाखवनार सूनच. अन् मी गप बसली हाच माहा गुन्हा होता, तं तो बोलूनच फेडा लागते.

मंग मले सुचलं. माहा लेक अन्वर आता दुकान पाहते, त्याच्याकडे कानावर लावाचे मोठे हेडफोन हायेत. माईक मिक्सरले, म्हंजे आवाज कमीजास्त कराच्या मशीनले, जोडाचा, हेडफोन गजाननच्या कानाले, अन् मी माईकमंदी हळूच बोलाचं. आवाज पायजे तेवढा मोठा अन् बाहेर कोनाले काही नाई. फकत वायर साफ पायजे. बहिऱ्याच्या कानात गुनगुन आधी जाते अन् शब्द मागून, जरा जरी गुनगुन राह्यली तं त्याले काही समजन नाई. अन्वर म्हने, अम्मी, दुकानात एवढ्या वायरी लोंबून राह्यल्या, कोनतीही उचल, नाई तं मोबाईलवरून नवी मागवतो, परवा घरी येते, आजकाल कोनी हातानं जोडत नाई, बिघडली का फेकून देतेत. मी म्हनलं, सांगाचं वायरीचं हाये, तं दुसऱ्याच्या वायरीतून कायले सांगू. तो म्हने, कोनाले काय सांगाचं हाये तुले. मी म्हनलं, तू आपलं काम कर.

अन् बसली. एका काळी मी चुटकीसरशी जोड देयाची, आता एका वायरीले आठ दिवस लागले. डोळ्याले लाल अन् पांढरी दोन्ही भुरकट दिसे. हात कापे, कथील गनले लागाच्या जागी बोटाले लागे. पह्यल्या दिवशी लाल पाघळली. दुसऱ्या दिवशी दोन्ही टोकं झाली, चांगली झाली, अन् टोपी पाह्यली तं डब्यात. अन्वर बाहेरून म्हने, टोपी घातली काय, हुबेहूब बापासारखा. मले हासू आलं अन् रडू बी, तं मी शिवी देली. पाचव्या दिवशी वायर झाली, लावली, अन् गुनगुन. मोठी नाई, बारीक, लय दुरून आल्यासारखी. मी हेडफोन कानाले लावून बसली अन् ते ऐकत राह्यली. ऊन खिडकीतून सरकत सरकत पायावर आलं. मी जऊळक्याले पटरीजवळ होती, कान भाजून राह्यला होता, अन् कोनी दुरून सांगून राह्यलं होतं, अन् मले वाटलं आता समजन. काही समजलं नाई. गुनगुनीत काही नसते, बाई. एक केस सुटलेला असते, एवढंच असते. टोपी काढली, अन्वरच्या पोरीची दफ्तरातली भिंगाची काच घेतली, तं जाळीचा एक पदर कथिलात धरलाच नव्हता, वरच्या वर टेकला होता. तो घासला, पुन्हा जोड देला. मंग ब्रश घेतला, त्याच्यावर स्पिरिट, अन् दोन्ही टोकाचे जोड धुतले. राळ धुवा लागत नाई, तरी धुतले. दोन डाव. वाळू देले. मंग टोपी लावली. हेडफोन लावला तं काहीच नाई. असं काहीच नाई का माह्याच श्वासाचा आवाज मले ऐकू आला.

गजानन सोयाबीन घेऊन मार्केटात आलता तवा अन्वरनं त्याले दुकानात आनला. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. मी अन्वरले बाहेर धाडलं. गजाननले खुर्चीवर बसवलं अन् कानाले हेडफोन लावले, तो लहान पोरासारखा बसला, काय करून राह्यली भाभी म्हने. मी माईक तोंडाजवळ घेतला अन् जवळून, हळूच सांगलं. गजानन, पोहरादेवीच्या वायरी मी मारल्या. नवसागर लावला अन् धुतला नाई. तू कोपरावर गुंडाळत नव्हता, ते मी रोज पाहे. सत्तार बोलला तवा मी गप बसली अन् मंग समजल्यावरही गप बसली.

त्यानं दोन्ही हात हेडफोनवर ठेवले अन् म्हने, आखीन एक डाव सांग.

एक डाव सांगनं सोपं असते, तोंडातून निघून जाते. दुसऱ्या डावाले एक एक शब्द उचलून ठेवा लागते. मी ठेवला. सारं पुन्हा सांगलं. त्यानं हेडफोन काढला, मांडीवर ठेवला, दुकानाच्या बाहेर पाटी हाये तिकडे पाहत राह्यला. मंग म्हने, भाभी, गुनगुन बिलकुल नाई हाये. मी मान हालवली. तो पुन्हा म्हने, सत्तारभाईनं ऐकाले पायजे होतं हे. मी म्हनलं, हाव. ते त्याले ऐकू आलं नसन, पन समजलं. माफ केलं असं तो म्हनला नाई अन् मी इचारलं नाई. हे काही बाजारातली वस्तू नाई का मागाची.

अन्वर चहा घेऊन आला, गजानन चहा प्याला. उठताना त्यानं मिक्सरची वायर काढली, माईकची काढली, अन् उभ्या उभ्या गुंडाळाले लागला. एक सुलटा वेढा, एक उलटा. एक सुलटा, एक उलटा. हात म्हातारे झाले पन चाल तीच. अन्वर पाहतच राह्यला, म्हने काका, असं कुठं शिकले. मी त्याले तिथंच सांगलं, मोठ्यानं, बापू, हा मानूस पह्यलेपासून असंच गुंडाळते, तुह्या बापाची एकही वायर यानं मोडली नाई, त्या मी मारल्या होत्या. रोडवरून दोघं जन जाऊन राह्यले होते, ते थांबले. थांबू द्या. आळ गर्दीत घातला होता तं गर्दीतच पुसा लागते. गजानननं वायर झोऱ्यात टाकली. म्हने, ही मी नेतो. त्याच्याकडे मशीन नाई, माईक नाई. मी म्हनलं, ने.

ते पाटी अजून तीच हाये. अन्वर म्हने नवी करू, मी म्हनलं रंग मारू नोको, येऊ दे नाव. अन् तो खडा, राह्यलेला, पेटीतच हाये, रुमालात. फेकला नाई मी. बापाची त्याच्यात काही चूक नाई, त्यानं धू म्हनलंच होतं.

हे छापून आलं का एक कागद गजाननच्या सुनेले धाडजा अन् म्हना मोठ्यानं वाच, ओट्यावर बसून, शेजारनीले ऐकू जाईन असं. त्याले नाई ऐकू आलं तरी चालन, त्यानं दोन डाव ऐकलं हाये. तुमी पोरी लिहिता, बोटं चालतेत तोपर्यंत लिहा, डोळे सांभाळा. अन् कधी हातानं वायर जोडाची पाळी आलीच तं टोपी आधी ओवून ठेवजा, अन् धुतल्याबिगर झाकू नोका. बस. चहा घ्या, थंडा होऊन राह्यला.